द्राक्षाचं गाडीभाडं

आमची द्राक्षं पहिल्यांदा युरोपला निघाली, त्या हंगामात मी घरादारावर करवादत होते. नवरा फौजेत, सासरे जाऊन दोन वर्षं झालेली, आणि माल बाहेर पाठवायचा हट्ट माझा एकटीचा. फसला असता तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं असतं, हे तासगावच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं.

फवारलेल्या औषधाचा मण्यांत उरलेला अंश तपासायचा खर्च, खोकी, शीतगृह, बंदरापर्यंतचा ट्रक, त्यावर जहाज. व्यापारी म्हणाले, सध्या जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, म्हणून भाडं वाढलंय. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजी द्राक्षापरीस त्याचं गाडीभाडंच जास्त. त्यापरीस त्या मानसांस्नीच हितं बोलवा की खायाला!"

मी चिडले. खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तोडणीच्या सकाळी पहिला क्रेट भरला, तेव्हा मी बायकांना घड दांड्याला धरा, मण्यांना हात लावू नका, असं ओरडून सांगत होते. त्या गडबडीत आत्या मागून ताटली घेऊन आल्या, हे मला दिसलंच नाही.

दुपारी, माल खोक्यांत भरतात त्या पॅकहाऊसवर, तपासणीच्या बाई पहिल्याच क्रेटपाशी थांबल्या. मण्यांवर लाल-पिवळी बोटं उमटलेली.

"हे काय, ताई?"

"हळदीकुंकू," मी म्हणाले.

"कुंकवात रंग असतो. किती क्रेटना लागलंय?"

मला काय ठाऊक! आत्यांचा हात मोठा सढळ. सगळ्याच क्रेटना लागलं असेल, तर अख्खी गाडी परत, आणि कंटेनर तर त्याच संध्याकाळी बंद होणार होता. मी घरी फोन लावला.

"आवं आत्या, कुंकू किती क्रेटना लावलं?"

"पयल्या एकालाच लावलं की! समद्यास्नी लावायला मी काय सांगलीची हळद-पेठ हाय व्हय?"

मला रडू आणि हसू एकदमच आलं. बाईंचा मात्र फोनवर विश्वास नव्हता. त्यांनी एकेक क्रेट उघडून बघितला. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि त्या दोन तासांत मी आत्यांना मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. शेवटी एकच क्रेट बाजूला निघाला. बाकीचा माल वेळेत कंटेनरमध्ये गेला.

तो एक क्रेट मी परत घरी आणला. आत्यांनी घड धुऊन परातीत ठेवले आणि एक अख्खा घड हातात धरून बघत राहिल्या. निवडलेला, एकसारख्या मण्यांचा. आमच्या वाट्याला आजवर गळालेले, तडकलेले मणीच यायचे.

"एवढ्या वर्सांत आपल्याच बागेतला असला घड आपुन कवा खाल्लाच न्हाई गं," त्या म्हणाल्या. मला एकदम लाज वाटली. दुपारचा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही दोघी ओट्यावर बसून पोटभर खात राहिलो.

आता दर हंगामाला माल जातो, भाडंही कधी चढतं, कधी उतरतं. पण पहिला क्रेट भरला की तो मी गाडीपासून लांब, झाडाखाली ठेवते आणि घराकडे बघून हाक मारते, "आवं आत्या, हळदीकुंकू आणा!"