लोणच्याला लागलेला हात

व्यसनमुक्ती केंद्रात मी बायकांना शिवण शिकवते. काल तिथे भेटीचा दिवस होता. गर्द सोडायला आलेल्या शालनची आई कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली होती. झाकण उघडता उघडता शालन म्हणाली, "आई, माझी पाळी आली. किती महिन्यांनी!"

आईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग बरणीला शिवू नकोस गं, लोणचं नासेल."

आणि लगेच तिनं जीभ चावली.

गर्द नुसती अक्कल खात नाही. डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, श्वास मंदावतो, भूक मरते, पोट साफ होत नाही. सुया टोचून टोचून हाताच्या शिरा कडक होतात. बाईची पाळीसुद्धा बंद पडते. शालन आली तेव्हा तिच्या अंगात नुसती थरथर होती. मग हळूहळू झोप आली, भूक आली, आणि आता हे रक्त. मेलेलं म्हणून सोडून दिलेलं शरीर आपलं एकेक परत हिसकावून घेतंय, आणि आम्ही त्याला विटाळ म्हणायचं? याच रक्तापायी मीही वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसले. पुरे झालं. नासायचं तर नासू दे लोणचं!

शालननं मनगटापर्यंत हात बरणीत घातला, एक लालभडक फोड काढली आणि आईच्या तोंडासमोर धरली.

आईनं इकडेतिकडे पाहिलं. मग मोठा आ केला.