ठासणीच्या बंदुकीत वाल

माझ्या सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक आहे. परवाना पीकरक्षणाचा, बंदूक त्यांच्या वडिलांची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग गोळी, लोखंडी गजाने ठासायचं आणि मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवून चाप ओढायचा. लग्न होऊन कर्जतजवळच्या, कोंडाणे लेण्यांच्या बाजूच्या या गावात आले त्याला बावीस वर्षं झाली, पण तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्षातून दोनदा तिला तेलपाणी व्हायचं आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. एवढंच.

गेल्या हिवाळ्यात रानडुकरांनी आमचे कडवे वाल उकरले आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बंदूक खुंटीवरून काढली. दारूचा डबा उघडला तर आत ढेप. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून नवी दारू निवडायचं काम माझ्याकडे आलं.

कर्जत स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत बाबा मोठ्याने म्हणाले, "पुण्यात दारू चांगली मिलते. तुज्या लग्नाआदी आनलेली, धा वर्सं पुरली." माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीची आई आमच्या पुढे उभी होती. तिने वळून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बंदुकीची." त्याने तिचा चेहरा काही सुधारला नाही.

पुण्यातल्या परवान्याच्या दुकानात दुकानदाराने कागद तपासले आणि विचारलं, "जाड देऊ की बारीक?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात रवा आणायचा असला की हाच प्रश्न ते फोन करून आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारतात. शेवटी ते म्हणाले, "मधली."

दुकानदार सज्जन होता. त्याने समजावलं, की बारीक दारू एकदम भडकते आणि जुन्या नळीला धक्का जोरात बसतो. जाड जरा सावकाश जळते. "आजोबा, तुमची नळी तुमच्यापेक्षा म्हातारी आहे. जाडच घ्या." हे बाबांना लागलं, पण जाड घेतली.

मग गोळीचा विषय निघाला. "नळीचं माप?"

बाबांनी डाव्या हाताची करंगळी काउंटरवर ठेवली. "ही जाते. अंगठी काढून."

"करंगळीवर गोळी देता येत नाही, आजोबा. माप घेऊन या."

परतीच्या गाडीत बाबा खंडाळ्यापर्यंत करंगळीकडे बघत होते.

माप आईंनी घेतलं. त्या भाकऱ्या करत होत्या. आमची नळीत पट्टी घालायची खटपट त्यांनी थोडा वेळ पाहिली, मग तांदळाच्या उकडीचा गोळा उचलला, नळीच्या तोंडात दाबला आणि अलगद ओढून काढला. सुरेख गोल सुरळी निघाली. मी शाळेतून व्हर्नियर आणलं होतं, ते लावून मापही घेतलं. लिहायला पेन आणायला आत गेले तेवढ्यात कोंबड्याने ती सुरळी खाल्ली. आकडा मला आठवत होता, पण बाबांना कोंबड्यावर ओरडायचंच होतं.

तो आरडाओरडा ऐकून समोरचे काका आले. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. मी दोघांनाही सांगितलं, की वनखात्याच्या परवानगीशिवाय डुक्कर मारायचं नाही, फक्त पळवायचं.

"मंग गोली कशाला रं?" काका म्हणाले. "वाल घाल."

"वाल राखायला वालच उडवू?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, नुसता कागदाचा बोळा पुरे, आवाज तेवढाच येईल. बाबा म्हणाले, बोळ्यावर बंदूक चालवली तर वडील वरून बघतील. वडिलांच्या मानासाठी वाल ठरले. आईंनी बियाण्याचे द्यायला साफ नकार दिला आणि किडके निवडून दिले.

रविवारी सकाळी आम्ही शेतावर गेलो. निशाणाला काकांनी स्वतःच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स आणला होता, त्यावर त्यांचा गॉगल घातलेला फोटो. "मिशीवर मार," ते म्हणाले. फ्लेक्स बांधावर बांधला. बाबा ठासायला लागले, आणि आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो. काका म्हणत होते अजून घाल, आई म्हणत होत्या पुरे, मी म्हणत होते कान झाका. बाबा वैतागले, टोपी बसवली, खांद्याला लावली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

आवाजाने आई खाली बसल्या. पांढऱ्या धुरातून बाबांचा खोकला ऐकू आला. धूर विरला तेव्हा फ्लेक्सवरचे काका गॉगलसकट शाबूत होते.

"गज कुठं हाय?" बाबांनी विचारलं.

गज नळीतच राहिला होता. आता तो शेजारच्या फार्महाऊसच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत आरपार घुसला होता आणि दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा लागल्या होत्या. गच्चीवर कोणी नव्हतं हे आमचं नशीब.

फार्महाऊसचे मालक दर शनिवारी मुंबईहून येतात. ते हाफ पँटवर बाहेर आले, टाकीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आजोबा, तुमचा अँटेना आमच्या टाकीत आलाय."

बाबांनी बंदूक खाली ठेवून हात जोडले. टाकी नवी घेऊन देतो म्हणाले, आणि मी प्लंबरला फोन लावला. मालक ऐकत होते, पण त्यांचं लक्ष आंब्याच्या झाडाकडे होतं. "माकडं गेली," ते म्हणाले. "तीन वर्षांत पहिल्यांदा गेली!" टाकीचं झाकणसुद्धा बदलायचं नाही, असं त्यांनी बजावलं, आणि दर रविवारी या म्हणाले. मी ठाम नाही म्हटलं. बाबा जरा हो म्हणायच्या बेतात होते.

डुकरं आठवडाभर आमच्या शेतात फिरकली नाहीत. शनिवारी सकाळी काका अंगणात येऊन उभे राहिले, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"तुजी डुकरं माज्या वालात आल्यात," ते बाबांना म्हणाले. "घिऊन जा."

बाबा चहा पीत होते. "माजी कशावरनं? नाव लिवलंय का त्यांच्यावर?" आणि मग दोघं डुकरांच्या मालकीवरून असे जुंपले, की आईंनी शेवटी दोघांना भाकरी वाढून गप्प केलं.