आतलं पॉलिश

मरोळच्या गावठाणात ज्युलियसने केलेली शवपेटी ओळखायची तर झाकण उघडून आत हात फिरवावा. बाहेरून सगळ्यांच्याच पेट्या चकचकीत असतात. ज्युलियसची पेटी आतूनही चकचकीत असे. लाखेच्या पॉलिशचे तीन हात बाहेर, तर दोन आत. कोणी थट्टेने विचारी, "आत कोण बघतो रे?" तो हातातला पॉलिशचा बोळा न थांबवता म्हणे, "बाहेरचं लोकांसाठी, आतलं देवासाठी. माझा बापूस सांगून गेलाय." त्या दोन हातांचा त्याला गर्व होता, आणि गावठाणाने तो वाढू दिला होता.

पासष्ट साली त्याच्या मनात कॅमेरा भरला. तिवईवर उभा राहणारा, काळ्या फडक्याचा, ज्यात तळहाताहून मोठी फिल्म बसते असा. पार्ल्याच्या माणिकच्या स्टुडिओत कपाट बसवायला गेला असताना त्याने तो जवळून पाहिला होता. विकत घ्यायची ताकद नव्हती. घरी येऊन तो बायको बेटी हिला म्हणाला, "बेटी, लाकडाची पेटीच आहे गं ती. पेट्या तर मी जन्मभर करतोय."

"तुझ्या पेटीत माणूस मेल्यावर जातो," बेटी म्हणाली. "तेवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

माणिकने मापं दिली. चोरबाजारातून एक जुनं, कडेला टवका उडालेलं भिंग मिळालं. मधला घडीचा भाता ज्युलियसने काळ्या चामड्याचा शिवला. उरलेल्या सागाच्या फळ्यांना असे सांधे घातले की नखही शिरू नये. आठ महिने गेले. "आतून काजळ फास," माणिकने बजावलं, "तव्याच्या बुडासारखं काळं पाहिजे." ज्युलियसने तसंच केलं, आणि चिकूच्या झाडाखाली बेटीला उभी करून पहिला फोटो काढला. माणिकने तो धुऊन दिला. बेटीच्या लुगड्याची चौकट न् चौकट मोजून घ्यावी असा आला होता. सगळं गावठाण बघून गेलं.

शेजारची कार्मेन म्हातारीही येऊन गेली. ऐंशीच्या पुढची, लेक कॉन्सेप्टाकडे राहणारी. जन्मात तिचा एक फोटो नव्हता. तिने बेटीचा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि विचारलं, "ज्युलियस, माझा कधी?"

"आता पहिला तुझाच, मावशी. रविवारी."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून कार्मेन आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली. लाल चौकड्यांचं लुगडं, गळ्यात पोत, अंबाड्यात फुलं. ज्युलियसने कॅमेरा बाहेर आणला, भिंग पुसायला त्याचं मागचं दार उघडलं, आणि दुपारच्या उजेडात त्याला पेटीचं पोट दिसलं. निस्तेज, खरखरीत, काजळी धरलेलं. त्याच्या हातचं काम, आणि असं! बेटीचा फोटो काढला तेव्हा ते घरचंच होतं. पण आता ओट्याभोवती दहा माणसं उभी होती. कोणी वाकून आत पाहिलं तर?

"मावशी, पुढच्या रविवारी काढू. आतलं पॉलिश राहिलंय."

"पॉलिश मला पाहिजे का तुझ्या पेटीला?" म्हातारी म्हणाली. माणसं हसली. तोही हसला आणि कॅमेरा उचलून आत गेला.

बुधवारी त्याने काजळावर पॉलिशचे दोन हात दिले. आत पाहिलं तर स्वतःचं नाक दिसावं अशी झळाळी आली. शुक्रवारी पहाटे कार्मेन झोपेतच गेली.

पेटी ज्युलियसनेच केली. मयताला बाहेर काढण्याआधी घरच्यांनी पेटीभोवती उभं राहून फोटो काढायचा ही आमच्याकडची रीत. कॉन्सेप्टा म्हणाली, "परक्या माणसाला नको बोलावूस. तूच काढ. तिला तुझ्याच हातचा पाहिजे होता." पेटीची उशाकडची बाजू जरा उचलून धरली. मागे नुकतीच चुना मारलेली भिंत, वर ऊन. ज्युलियस काळ्या फडक्यात शिरला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर म्हातारी उलटी दिसत होती, तेच लाल लुगडं, तीच पोत. त्याचे डोळे भरून आले, पण हात हलला नाही.

दुसऱ्या दिवशी माणिकने ओला फोटो त्याच्यासमोर धरला. सगळ्या चित्रावर धुकं होतं. वरच्या बाजूला, जिथे म्हातारीचा चेहरा असायला हवा, तिथे पांढऱ्या धुराचा गोळा. माणिकने कॅमेऱ्याचं दार उघडलं आणि आत बोट फिरवलं.

"आत पॉलिश केलंस?"

"केलं."

"अरे, आत आलेला फालतू उजेड काळ्यात मरायला पाहिजे. तू त्याला आरसा करून दिलास."

ज्युलियस घरी परतला तर कॉन्सेप्टा दारातच उभी होती. "आला का रे फोटो?" फोटो पिशवीत होता, तरी ज्युलियसने पिशवी उघडली नाही. "माणिककडे धुताना बिघडला," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्यालाच कळेना, हे कोण बोललं.

कॉन्सेप्टा त्याच पावली पार्ल्याला गेली. तिच्या मागोमाग ज्युलियसही गेला, पण पायरी त्याला चढवेना. आतून तिचा आवाज येत होता. माणिकने तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं, ज्युलियसकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हो बाई. माझ्याच हातून झालं."

त्यानंतर गावठाणातल्या एकाही लग्नाला माणिकला बोलावणं गेलं नाही. बायका म्हणत, "मेलेल्या बाईचा फोटो घालवला त्याने." ज्युलियस ऐके आणि रंधा मारत राही. कॅमेरा त्याने पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. पार्ल्याला जायचं झालं तर तो स्टेशनच्या पलीकडून फिरून जाई.

दोन वर्षांनी, उपासाच्या दिवसांत, त्याने पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून सगळं सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले, "इथे अर्धंच झालं. उरलेलं तुझ्या शेजारच्या दारात आहे."

कॉन्सेप्टा ओट्यावर तांदूळ निवडत होती. ज्युलियसने उभ्याउभ्याच सांगितलं. माणिक निर्दोष आहे, पॉलिश मी केलं, खोटं मी बोललो. तिचा हात सुपातच थांबला.

"उद्या मिस्सा सुटल्यावर हेच सगळ्यांसमोर बोल. माणिकला मी बोलले, त्याच्याकडे मी जाईन."

"बोलतो."

"आणि त्या रविवारचं? ते सांगितलंस पाद्रीबाबांना?"

"कुठल्या रविवारचं?"

"तू कॅमेरा घेऊन आत गेलास. आई तीन वाजेपर्यंत तशीच बसली होती. जेवायलासुद्धा उठेना. म्हणाली, पॉलिशला किती वेळ लागतो, येईल तो आता."

ज्युलियसला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या खिडकीतून तो ओटा सरळ दिसायचा. त्याने पाहिलंच नव्हतं.

"तो फोटो आण," कॉन्सेप्टा म्हणाली.

त्याने आणला. तिने तो उजेडात धरला. चेहरा नव्हता, पण खालच्या बाजूला, धुकं विरळ झालं होतं तिथे, माळ गुंडाळलेले दोन हात दिसत होते. करंगळी जरा वाकडी. तिने फोटो आत नेऊन देव्हाऱ्यात मेणबत्तीशेजारी उभा केला.

माणिक पुन्हा गावठाणात येऊ लागला. ज्युलियसशी तो बोलेही, पण जुन्या मोकळेपणाने नाही. ज्युलियस पुढे तेरा वर्षं जगला, पेट्या करत राहिला, आतून पॉलिशही देत राहिला. मात्र झाकण उघडून कोणाला दाखवणं त्याने सोडलं. कॉन्सेप्टाकडे लादीनला, म्हणजे घरच्या प्रार्थनेला, सगळ्यांबरोबर तोही जाई. सगळे देव्हाऱ्याकडे तोंड करून बसत. तो मागे दाराशी बसे, जमिनीकडे पाहत, जणू म्हातारी अजून मागे ओट्यावर त्याची वाट बघत बसली आहे.