दोन्ही पंख सारखे

मी धुळ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. आमची चार वर्षांची पोर तापाने गेली, त्याच्या पाचव्या दिवशी शेतकी खात्याचा शिपाई दारात आला. कपाशीच्या बोंडात जी अळी पडते, तिच्या पतंगाचं मोठं चित्र साहेबाला हवं होतं, गावोगाव चावडीत लावायला. मी टोपी घातली नि निघालो. लोक म्हणाले, काय माणूस आहे हा! म्हणेनात बापडे. घरात बसून तरी काय दिवे लावणार होतो?

पतंग म्हणजे नखाएवढा जीव, टाचणीला टोचलेला. भिंगातून पाहिला. पुढचे पंख सायीसारखे फिकट, आणि प्रत्येकाच्या मधून हिरवा पट्टा, खांद्याशी निमुळता, कडेकडे रुंद होत गेलेला. मागचे पंख नुसतेच पांढरट, पातळ. आठ दिवस मी तेवढंच पाहत बसलो. तो हिरवा काही केल्या जमेना, तेव्हा मेला ब्रश भिरकावून दिला. पोर गेली तेव्हा मी एवढाही हललो नव्हतो. खरं सांगतो, मला काहीच वाटत नव्हतं.

चित्र देऊन घरी आलो, तर बायको समोर येऊन बसली. ती शिंदखेड्याकडच्या खेड्यातली. माझ्या चित्रांचं तिने कधी नाव काढलं नव्हतं.

"आपली पोरनं चित्र काढी द्या," म्हणाली. "तिनं तोंड मी इसरी जासू. माले भ्याव वाटस."

फोटो कुठला आमच्याकडे! मी कागद घेतला. हाताला आठ दिवसांची सवय पडलेली: पतंगाची एकच बाजू काढायची, कागद मधोमध दुमडून घासायचा, दुसरी बाजू आपसूक उमटते. पोरीचाही अर्धाच चेहरा काढला. दुमडला, घासला, उघडला. झकास आला. नाक सरळ, दोन्ही डोळे अगदी सारखे. रंग भरून तिच्या हातात दिला.

तिने पुष्कळ वेळ पाहिलं. मग कागद खाली ठेवला.

"ही आपली पोर नही शे. तिना डावा डोया जरासा बारीक व्हता. हसे तवय मिटी जाये."

"कधीपासून?" मी विचारलं.

"जलमपाईन," ती म्हणाली.

चार वर्षं त्या पोरीला मी रोज मांडीवर घेऊन जेवलो होतो.