चित्राच्या बाटलीवरची चिठ्ठी

चित्रा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळाच्या तोट्या निकेलच्या टाकीत सोडत होतो. फोन तिच्या नवऱ्याचा, सुधीररावांचा. कॉलेजात शिकवताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी नुसतं हो हो म्हणालो, आणि तोट्या टाकीतच राहिल्या. अख्खा जन्म प्लेटिंगमध्ये गेला, पण माल टाकीत विसरलो तो त्याच दिवशी. महिना होत आला, अजून काही नीट कळत नाही...

सातपूरला ती आमच्या शेजारच्या खोलीत लहानाची मोठी झाली. मी चौथी शिकलेला, ती रसायनाची मॅडम झाली, पण मला काकाच म्हणायची. दोन वर्षांमागं रिक्षातून एक गोणी घेऊन दुकानात आली. समुद्री शेवाळातून जेली काढून घेतली की कारखान्यात चोथा उरतो, तो तिनं कोकणातून मागवला होता. सगळ्या दुकानात खारट वास सुटला.

"मॅडम, समुद्र नाशकात आणलात, आता मासे पण आणा," मी म्हणालो.

"तुमच्या नाल्यात जगतील त्या दिवशी आणते, काका."

तिचं म्हणणं, तोट्या धुतलेलं पाणी मी नाल्यात सोडतो, त्यात निकेल असतं. ते आधी या चोथ्यातून गाळायचं. चोथा निकेल धरून ठेवतो. मी म्हणालो, माझं पाणी मला डोळ्यानं कळतं. ती म्हणाली, "डोळ्याला दिसत नाही तेच धरायचंय. नाला गोदावरीला जातो, आणि गोदावरी तुमच्या ताईंच्या सायखेड्याला." मग मीच जागा करून दिली. नळाखाली चोथ्याचं पिंप लागलं.

दर शनिवारी ती पिंपातून गळालेलं पाणी बाटलीत भरून तपासायला न्यायची. बाटलीवर चिठ्ठी लावायची, त्यात पाणी कुठलं आणि पिंपाला काय केलं ते लिहायचं. मला म्हणायची, तुम्ही लिहा. मी कधी लिहिलं नाही. माझं अक्षर मॅडमच्या बाटलीवर कशाला?

या उन्हाळ्यात चोथा हिरवट पडला. आमच्या धंद्यात मळकं दिसलं की ॲसिडमध्ये बुडवायचं, हात आपोआप तिकडं जातो. पातळ ॲसिडनं मी चोथा धुतला. पाणी हिरवंगार निघालं. मळ सुटला म्हणून मला बरं वाटलं, आणि ते पाणी मी नाल्यात ओतलं. पुढच्या शनिवारच्या बाटलीत निकेल निघालं, त्याच्या पुढच्याही. तिनं फोन केला, "काका, पिंपाला काही केलंत का?"

"मी काय करणार? तुझा चोथाच कच्चा."

पोरीसमोर चूक कबूल करायला जीभ वळली नाही, एवढंच. आणि ती चूक होती हे तरी मला कुठं माहीत होतं?

दहाव्यानंतर सुधीररावांनी तिची वही वाचून दाखवली. शेवटच्या पानावर लिहिलंय, चोथा निकेल धरत नाही, माझंच काहीतरी चुकतंय, काकांकडचं काम बंद करावं. पण दोन पानं मागं... भरलेला चोथा पातळ ॲसिडनं धुवून निकेल परत काढायचं, मग चोथ्यातलं ॲसिड साध्या पाण्यानं नीट धुवून तो पुन्हा लावायचा. म्हणजे ती करणार होती तेच मी केलं होतं. निम्मंच केलं, आणि निघालेलं निकेल सायखेड्याला धाडलं. हे डोक्यात नीट बसत नाही. बरोबर केलं म्हणावं तर ती स्वतःला चुकीचं समजून गेली. चूक म्हणावं तर वहीत तिच्याच हातचं लिहिलेलं. सुधीररावांना सांगायला गेलो, त्यांनी चहा दिला, चहा पिऊन परत आलो.

काल चोथा पुन्हा ॲसिडनं धुतला. या वेळी खाली बादली ठेवली. हिरवं पाणी तिच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि चित्रा बाटल्या ठेवायची त्याच खिडकीत ठेवलं. चिठ्ठी लिहायला अर्धा तास लागला. पाणी पिंपातलं. चोथा ॲसिडनं धुतला. उन्हाळ्यातपण धुतला होता, मी. चोथा चांगला आहे.

आज शनिवार आहे. बाटली न्यायला सुधीररावांना बोलावलंय.