हळद लागलेल्या पाच फ्लॉपी

कल्पना करा, तुमच्या टेबलावर पाच फ्लॉपी आहेत आणि मशीन त्यातली एकही वाचत नाही. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात ज्यांना भूखंड मिळायचा आहे अशा सारसोळे गावच्या कुटुंबांची यादी या फ्लॉपींवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. शेजारी टाइप केलेला कागद आहे: परदेशी हेरांनी संगणकात शिरून माहिती नष्ट केली. खाली तुमची सही हवी आहे. आता करा सही.

१९९९च्या दसऱ्यानंतर बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत ऑपरेटर वैजयंतीपुढे हेच काम आलं.

नवा प्रोग्रॅम बसवायचा म्हणून तिने यादी फ्लॉपींवर उतरवून मशीन रिकामं केलं होतं. दुसरी प्रत काढायला तिने फ्लॉपींचा आणखी एक डबा मागितला होता; तो अर्ज मंजुरीला पडून होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. ती पेढे वाटून परतली, तोवर शिपाई जोतीरामने मशीनला हार घालून, फ्लॉपींची झाकणं सरकवून आतल्या काळ्या चकत्यांनाही हळदकुंकू लावलं होतं.

“नुसतं वरनं लावून काय उपेग, मॅडम? विद्या आत हाय.”

तिने तेव्हाच कचेरीचे प्रमुख अरविंद साहेबांना सांगितलं. सणाच्या दिवशी टेन्शन नको, म्हणाले. आठवड्याने त्यांनीच वार्ताहराला हेरांची बातमी दिली. त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई होऊन गेली होती. परदेशी म्हटलं की वरून कोणी उलट विचारत नसे.

लोक मात्र विचारत होते. बातमी छापून आली त्या दिवशी सारसोळ्याच्या राहीबाई खिडकीशी आल्या. “पोरी, आमची यादी नेऊन तो हेर करनार काय? सारसोल्यान घर बांधाचा हाय त्याला?”

“मावशे, भाडेकरू ठेव त्याला,” मागून कोणीतरी म्हणालं. रांग खो खो हसली. राहीबाई हसल्या नाहीत. महिनाअखेरीस सुनावणी होती आणि यादीत नाव असेल त्यालाच बोलावणं येणार होतं.

वैजयंती सहीचा कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. “सर, मशीनच्या खोलीत बाहेरून जोडणारी टेलिफोनची वायरच नाही. हेर आला कुठून?”

“हेर वायर बघून येतो का?”

“मग कसा येतो?”

“ते गोपनीय आहे. पुरावा आहे वर.”

“फ्लॉपी दोन दिवस मला द्या, सर. वाशीत एकजण साफ करून बघतो म्हणालाय. दोन वाचता आल्या तरी अर्धं गाव सुटेल.”

“त्या सील होणार. चौकशी दिल्लीहून आहे.”

“हळदीची?”

साहेबांनी पेन पुढे केलं.

सहीच्या जागी तिने लिहिलं, ‘खोलीत वायर नाही. फ्लॉपींना हळद लागली आहे.’ दुसऱ्या दिवशी तिला आवक-जावक टेबलावर बसवलं. फ्लॉपी लाखेचं सील लावून कपाटात गेल्या. महिना संपला, सुनावणी पुढे ढकलली, तारीख दिली नाही. तिने फ्लॉपी साफ करून घेण्याच्या परवानगीसाठी दोन अर्ज केले. दोन्हींना एकच उत्तर आलं: पुरावा गोपनीय असल्याने हात लावता येणार नाही.

खिडकीशी आता रोज कोणीतरी हसत विचारायचं, “हेर सापडला का, मॅडम?” तिला त्या हसण्याचाही राग यायचा. उद्या खरंच कोणी संगणकात शिरलं, तरी ही माणसं अशीच हसणार होती, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नव्हतं.

तिसऱ्या अर्जात तिने परवानगी मागितलीच नाही. एवढंच विचारलं: हा गोपनीय पुरावा एका तरी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे का?