चाकात शिरलेला बैल

घोडेगावात एके काळी अशी कुजबुज होती की, गनीभाई नालबंदाच्या हाताखाली जो बैल दगावला तो कुठं गेलाच नाही. तो गनीभाईच्या पोराच्या सायकलीत शिरला. कुजबुज म्हणायची ती आपली रीत म्हणून. बाजारतळावर भजी तळणाऱ्या गोजरबाईनं एखादी गोष्ट कुजबुजली की ती पार नेवाशापर्यंत ऐकू जायची.

बैल होता कानिफनाथाचा. तांबडा, दांडगा, शिंगं अशी की समोरच्यानं आपणहून वाट सोडावी. नाल ठोकायला बैल दोरानं पाडतात आणि पाय बांधतात. हा पाडला तसा डोळे फिरवून निपचित पडला. कानिफनाथानं त्याला गाडीत घालून नेला आणि चार दिवसांनी तोंड लांब करून सांगितलं, “गेला बिचारा.” गनीभाईला इतकं लागलं की त्यानं हातोडी खुंटीला टांगली. आणि नेमक्या त्याच सुमारास त्याच्या पोराची सायकल रस्त्यानं निघाली की बांधलेली जनावरं माना वळवून बघू लागली. सुटी असली तर मागोमाग चालू लागली. आता गोजरबाईला आणखी काय हवं?

पोराचं नाव पीरमहंमद. बापाचा हात लोखंडावर बसलेला, पण पोराला चार पायांपेक्षा दोन चाकांचा नाद. लढाईचे दिवस होते. सगळं रबर पलटणीकडं गेलेलं, नगरच्या दुकानांतही टायर-ट्यूब नुसतं नावाला. ज्यांच्या सायकली होत्या त्यांनी त्या माळ्यावर टाकल्या होत्या. पीरमहंमद त्या खाली उतरवायचा. पायडल मोडलं तर बाभळीचं. ब्रेकचं रबर झिजलं तर जुन्या वहाणेचा तळ. खीळ निसटली तर बापाचा नालेचा खिळा ठोकून बारीक केलेला. टायर फाटला तर विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चामडं आतून टाचलेलं. घंटीच्या जागी बैलाच्या गळ्यातली घाटी. तयार झालेली सायकल बघून मालक आधी हसायचा, मग बसायचा, मग हसत हसतच घरी जायचा.

राहिली ट्यूब. तिला तोड सापडत नव्हती. पीरमहंमदनं चाकात चिंध्या भरून बघितल्या, काथ्या भरून बघितला. शेवटी त्यानं वाळका घास वळून भरला. हो, तोच लसूणघास, जो आपल्याकडं दुभत्या जनावरांना घालतात. पण नुसत्या घासाचा दोन कोसांत भुगा व्हायचा. मग त्यानं एक मसाला शोधून काढला. मसाल्यात बुडवून वळलेला घास त्याच्या स्वतःच्या सायकलीच्या चाकात असा बसला की रिमला धक्का लागेना. मसाला कसला, ते मात्र तो बापालाही सांगेना. धंद्याचं गुपित होतं ते.

“काय रं पीरमहंमद,” गोजरबाई हाक मारायची, “आज सायकलीला वैरण घातली का न्हाई?”

“तुमची भजी घालणार हुतो मावशी. पर ती चाकापरीस कडक निघाली!”

तिखट जीभ अशी सगळीकडं चालायची. राहात्याला मात्र ती टाळूला चिकटली. तिथं जनावरांचे दलाल नूरमहंमद राहायचे. त्यांची सायकल दुरुस्त करायला गेला, तेव्हा त्यांची लेक मलिका पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्याच्या सायकलीच्या बाभळीच्या पायडलाकडं बघून म्हणाली, “ही सायकल हाय का सुताराचा माल?” पीरमहंमदला उत्तर सुचलं ते परतीच्या वाटेवर, राहुरी ओलांडल्यावर. घरी येऊन त्यानं फूफी बद्रुन्निसाचे पाय धरले. फूफी म्हणजे बापाची बहीण, आणि सोयरिकी जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं बोलणी लावली. मुलीकडूनही होकाराचा वास येत होता.

तेवढ्यात गोजरबाईची कुजबुज राहात्याला पोचली.

नूरमहंमदांचा निरोप आला. ज्या घरात मेलेला बैल वावरतो, तिथं मी लेक देणार नाही. माझं पोट जनावरांवर आहे, जनावराच्या तळतळाटाशी सोयरीक नको. पुढल्या बाजाराला येतो, डोळ्यांनी बघतो. जनावर त्या सायकलीमागं गेलं की बोलणी संपली.

“सायकल मोडून टाक,” फूफी म्हणाली.

“सायकल मोडली तर बायकोला काय खायला घालू, फूफी?”

“अन् न्हाई मोडलीस तर बायको कुठनं आणशील?”

बाजाराच्या दिवशी त्यानं सायकल दुकानामागं लिंबाखाली उभी केली, वरून गोणपाट टाकलं, गोणपाटावर दोन मोडक्या रिमा ठेवल्या. ऊन असं पेटलेलं की टायरच्या टाक्यांतून चिकट थेंब खाली गळत होते. पीरमहंमदनं ते पुसले, हात धोतराला पुसले, आणि सासऱ्याची वाट बघत बसला.

नूरमहंमद आले ते विकायला आणलेला एक खिलारी खोंड हातात धरून. गनीभाई पुढं झाला. राम राम, सलाम, पाणी. “कुठाय ती सायकल?” असं नूरमहंमद म्हणायला आणि खोंडानं नाक वर करायला एकच गाठ पडली. कासरा हातातून सुटला. खोंड दुकानाला वळसा घालून थेट लिंबाखाली. रिमा खणाखण पडल्या, गोणपाट शिंगावर गेलं, आणि खोंड मागलं चाक असं मायेनं चाटू लागला की बघणाऱ्याला भरून यावं.

“बघा, बघा!” गोजरबाई झारा घेऊनच धावली. “भाऊ भावाला भेटला!”

अर्धा बाजार गोळा झाला. नूरमहंमदांचा चेहरा पडला. “बद्रुन्निसाबी,” ते म्हणाले, “मला माफ करा. ही सोयरीक...”

“थांबा, चाचा!”

पीरमहंमद खोंडाकडं बघत होता. त्याचा घास आणि त्याचा मसाला, दोन्ही ते जनावर डोळे मिटून चाटत होतं. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता चाक उघडलं की गुपित गेलं. उद्या ज्याला त्याला स्वतःचं चाक भरता येणार. न उघडावं तर मलिका गेली.

त्यानं दुकानातून दोन चमचे आणले, रिम आणि टायर यांच्यात घातले आणि टायर उलटा केला. आतून बायकांच्या वेणीसारखा वळलेला तपकिरी, चिकट दोर निघाला. खोंडानं त्याचं टोक तोंडात धरलं आणि चावायला सुरुवात केली. मेलेला बैल असा जिवंत बैलाच्या पोटात जाऊ लागला.

नूरमहंमदांनी वाकून एक तुकडा तोडला. वास घेतला. मग जिभेला लावला.

“अरे, ही तर मळी!” ते म्हणाले. “गुऱ्हाळात उसाच्या रसावर येते ती गोड मळी! नालबंदाचा पोरगा, अन् जनावर मळीला भुलतं हे तुला ठाऊक न्हाई?”

“मी चाकांचा विचार करत हुतो, चाचा.”

“ते दिसतंयच.” त्यांच्या मिशा हलायला लागल्या. “माझा खोंड तुझं मागलं चाक खाऊन बसला. आता पुढलं मलिकाला ठेवतोस का तेबी घालतोस?”

हसण्याचा असा लोट उठला की गोजरबाईची कढईतली भजी करपली, आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही. नूरमहंमदांनी खांद्यावरचा रुमाल काढला, गनीभाईच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली बोटं दाबली. बाजारात बैलाचा सौदा असाच होतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. बोटांनी काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. पण फूफीनं तिथंच गूळ वाटला, आणि गनीभाईनं घरी जाऊन खुंटीवरची हातोडी उतरवली.

गुपित फुटलं ते फुटलंच. आठवडाभर ज्यानं त्यानं आपापली चाकं भरली, आणि गावातल्या सायकली उंटासारख्या चालू लागल्या. मग एकेक जण मान खाजवत पीरमहंमदच्या दुकानी आला. वेणी एकसारखी वळायला बोटं लागतात, ती मळीबरोबर मिळत नाहीत. त्यानं पुढं मळी सोडून बाभळीचा डिंक धरला. लग्नानंतर मलिका त्याच सायकलीवर मागं बसून माहेरी गेली, आणि वाटेत एकाही बैलानं मान वळवली नाही. “सुताराचा माल बरा चालतो,” ती म्हणाली. या खेपेला उत्तर त्याला जागच्या जागी सुचलं, पण ते नवरा-बायकोतलं आहे.

तर खरं एवढंच होतं. चाकात मळी लावलेला घास होता. आणि कानिफनाथाचा बैल मेला नव्हता. तो संध्याकाळीच उठून उभा राहिला होता, आणि बायको विकू देत नव्हती म्हणून कानिफनाथानं तो परस्पर राहुरीला नेऊन विकला होता आणि मेल्याची थाप मारली होती.